ब्रेक दाबला की विझणारे दिवे

नारळी पौर्णिमा होऊन आठवडा उलटला असेल. शीव कोळीवाड्यातला एक मुलगा सकाळी दहाच्या सुमारास माझ्या वडाळ्याच्या गाळ्यावर आला. दुचाकी दीडशे सीसीची, २०१४ सालची. मागे लोखंडी कॅरिअर आणि त्यावर रबरी पट्ट्यांनी आवळलेला मासळीचा मोठा प्लॅस्टिक क्रेट. पहाटे साडेतीनला घर सोडायचं, भाऊच्या धक्क्यावर लिलावात माल घ्यायचा आणि उजाडायच्या आत आईला बाजारात नेऊन द्यायचा, हा त्याचा रोजचा धंदा.

"काका, बॅटरी बघा जरा. चार दिवसांत दोनदा बसली. आणि आई म्हणते, ब्रेक मारला की मागचे लाइट जातात. तिला तसं वाटत असेल, पण बघून घ्या."

त्याच्या दृष्टीने मुख्य तक्रार बॅटरीची होती. मला मात्र आईचं म्हणणं ऐकून धस्स झालं. हा मुलगा ज्या रस्त्याने येतो तो मी रोज बघतो. वरून ईस्टर्न फ्रीवे जातो, पण त्यावर दुचाकीला परवानगी नाही. त्यामुळे खालून रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी असं यायचं. गोदीकडचे ट्रेलर, कडेला दिवे बंद करून उभे असलेले ट्रक, मध्येच बंद पडलेले रस्त्यावरचे दिवे. तिथे पहाटे चारला ब्रेक मारल्यावर गाडी मागून काळी होत असेल, तर बॅटरीचं नंतर बघता येईल.

आई त्या दिवशी मालाच्या टेम्पोतून त्याच्या मागे येत होती, म्हणून तिने ते पाहिलं. चालवणाऱ्याला स्वतःचा मागचा दिवा कधीच दिसत नाही.

आता हे जादा दिवे मुळात का लावले होते ते सांगतो. क्रेट कॅरिअरच्या मागे चांगला वीतभर बाहेर येतो आणि कडेने खालीही उतरतो. गाडीचा मूळ टेल लॅम्प त्याच्या आड जातो. मागून बघणाऱ्याला काळोखात फक्त एक काळी पेटी दिसते. म्हणून फेब्रुवारीत त्याने एका ठिकाणी कॅरिअरच्या दोन टोकांना दोन छोटे लाल दिवे बसवून घेतले होते. पत्र्याची बॉडी, आत १२ व्होल्टचा दोन तारांचा बल्ब, म्हणजे ५ वॉटची तार सतत जळायला आणि २१ वॉटची ब्रेकला. कल्पना अगदी योग्य होती. गरजही खरी होती. दिवे लावू नयेत असं मी म्हणणार नाही, कारण या गाडीला ते हवेतच.

वायरिंग असं केलं होतं. ५ वॉटच्या तारेला बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून थेट वायर, मध्ये हँडलवर एक टॉगल स्विच. फ्यूज नाही. २१ वॉटच्या तारेला गाडीच्या ब्रेक लाइटच्या वायरवरून जोड. आणि अर्थिंगसाठी, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत जाण्यासाठी, वेगळी वायरच नाही. दिव्याची बॉडी कॅरिअरला, कॅरिअर बोल्टने फ्रेमला, फ्रेम बॅटरीच्या निगेटिव्हला. आमच्या धंद्यात याला 'बॉडी अर्थ' म्हणतात आणि गाड्यांवर सर्रास चालतं. वायर वाचते, वेळ वाचतो. कोरड्या, खाऱ्या पाण्यापासून लांब असलेल्या गाडीवर ते वर्षानुवर्षं टिकतंही.

ही गाडी तशी नव्हती. क्रेटमधून बर्फाचं खारट पाणी रोज कॅरिअरवर झिरपत होतं. मग पावसाळी मासेमारी बंदी आली आणि गाडी ताडपत्रीखाली उभी राहिली, कॅरिअर तसाच न धुतलेला. बोल्टखालचा वॉशर फुगून खपली धरला होता. कॅरिअरला करंट जाऊ न देणारं पावडर कोटिंग होतं, त्यामुळे पत्र्याला पत्रा लागायचा तो फक्त बोल्टच्या आट्यांमधून, आणि ते आटेही गंजून गेले होते.

दिवे लावून पाहिले. दोन्ही लागले, थोडे पिवळट. बॅटरी कमजोर आहे म्हटल्यावर पिवळट दिसणारच, असं कुणालाही वाटलं असतं. मग मी खाली बसून हाताने मागच्या ब्रेकचं पेडल दाबलं. दोन्ही दिवे विझले. सोडलं, पुन्हा लागले. चार वेळा केलं, चारही वेळा तेच. आईला वाटत नव्हतं, तिने पाहिलं होतं.

माझ्याकडे शिकणारा पोरगा हुशार आहे. तो लगेच म्हणाला, अर्थिंग गेलं असेल, आणि मल्टिमीटर बीपवर ठेवून (दोन टोकांमध्ये करंटला रस्ता असला की तो वाजतो) एक टोक दिव्याच्या बॉडीला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं. बीप वाजला. "अर्थिंग ओके आहे," तो म्हणाला. फेब्रुवारीत दिवे बसवणाऱ्यानेही असंच तपासलं असेल, आणि तेव्हा ते खरंही असेल. मीही सुरुवातीच्या वर्षांत या बीपवर विश्वास ठेवून दोन-तीन गाड्या चुकीच्या दुरुस्त केल्या आहेत, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

साध्या मीटरचा बीप काही ओहमचा, कधी तर काही दशक ओहमचा रोध असला तरी वाजतो. २१ वॉटच्या बल्बची तार थंड असताना तिचा रोध एक ओहमपेक्षाही कमी असतो. तापून पूर्ण जळताना तो सुमारे ७ ओहम होतो. म्हणजे दिव्याच्या बॉडीपासून निगेटिव्हपर्यंत सरळ रस्ता तुटला असला, तरी आडरस्ता शिल्लक असतो. बॉडीपासून जादा बल्बच्या २१ वॉटच्या तारेतून उलट, ब्रेकच्या वायरीतून, गाडीच्या मूळ ब्रेक बल्बच्या तारेतून फ्रेमला. सगळ्या तारा थंड, सगळ्यांचा मिळून रोध जेमतेम ओहमभर. मीटरला तो रस्ता खराच वाटतो आणि तो वाजतो.

पोराला म्हटलं, दोन्ही जादा बल्ब होल्डरमधून काढ आणि परत बघ. काढले. बीप गेला. त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

बल्ब परत घातले, चावी चालू केली आणि मीटर २० व्होल्टच्या रेंजवर आणला. काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल टोक दिव्याच्या पत्र्याला. अर्थिंग चांगलं असेल तर इथे ०.१ व्होल्टच्या आत यायला हवं. आले २.८. टॉगल बंद केलं तर शून्य. टॉगल चालू ठेवून पेडल दाबलं, ११.२. ज्या पत्र्याला आपण निगेटिव्ह समजतो त्या पत्र्यावर ११.२ व्होल्ट.

काय होत होतं ते नीट मांडतो, कारण हा दोष एकदा समजला की जन्मभर ओळखता येतो. ब्रेक दाबलेला नसताना करंट बॅटरीतून ५ वॉटच्या तारांमध्ये येतो, तिथून पत्र्यावर. पत्र्याला घरी जायचा रस्ता नाही. म्हणून तो २१ वॉटच्या तारांमधून उलटा शिरून ब्रेकच्या वायरीवर जातो आणि मूळ ब्रेक बल्बमधून फ्रेमला पोचतो. ५ वॉटच्या तारांचा रोध जास्त, त्यामुळे बराचसा दाब, म्हणजे व्होल्टेज, त्यांच्यावरच पडतो आणि त्या जळतात, थोड्या मंद. बघणाऱ्याला दिवा लागलेला दिसतो. आता ब्रेक दाबला की ब्रेकच्या वायरीवर खुद्द पॉझिटिव्ह येतं. आडरस्ता बंद. पत्राही पॉझिटिव्हच्या जवळ चढतो. ५ वॉटच्या तारेच्या दोन्ही टोकांना जवळपास सारखाच दाब, मग करंट वाहणार कुठे? तार विझते. २१ वॉटची तार तर लागतच नाही, तिच्याही दोन्ही टोकांना तेच. मूळ ब्रेक बल्ब मात्र पूर्ण पेटतो, पण क्रेटच्या आड.

पोराची खात्री पटावी म्हणून मूळ टेल लॅम्पची लाल काच खोलली आणि त्यावर हाताचा आडोसा केला. ब्रेक दाबलेला नव्हता, फक्त टॉगल चालू. ब्रेक बल्बची जाड तार निखाऱ्यासारखी लालसर धुगधुगत होती. ज्या तारेला त्या क्षणी शून्य व्होल्ट मिळायला हवे होते तिच्यातून जादा दिव्यांचा परतीचा करंट जात होता. लाल काचेमागे ती धग दिसत नाही. काच काढली तरच दिसते.

त्या ११.२ आकड्याने आणखी एक गोष्ट दाखवली. बॅटरी त्या वेळी १२.३ दाखवत होती. मग ब्रेकच्या वायरीवर १.१ व्होल्ट कमी का? मागच्या ब्रेकच्या स्विचच्या दोन्ही टोकांना मीटर लावला, तिथेच १.१ सापडले. स्विच उघडला तर आतले पॉइंट काळे पडलेले, प्लॅस्टिक एका कडेला किंचित वितळलेलं. हा स्विच एका २१ वॉटच्या बल्बसाठी असतो, म्हणजे पावणेदोन अँपिअर. फेब्रुवारीपासून, अर्थिंग शाबूत होतं तोवर, त्याच्यावर असे तीन बल्ब होते, मिळून ६३ वॉट, पाच अँपिअरच्या वर. मुंबईच्या वाहतुकीत दर मिनिटाला ब्रेक. स्विच भाजणारच. बल्बचा उजेड व्होल्टच्या प्रमाणात उतरत नाही, त्याहून खूप वेगाने उतरतो. १२.३ च्या जागी ११.२ मिळाले की जवळपास चौथा हिस्सा उजेड गेला. म्हणजे मूळ ब्रेक लाइटही या जोडणीने अधू झाला होता. मला याचं सगळ्यात वाईट वाटलं. सुरक्षेसाठी केलेल्या कामाने कंपनीतून आलेली सुरक्षाही कमी झाली होती.

बॅटरीचं कोडं त्यामानाने सोपं निघालं. इंजिन चालू करून, थोडा रेस देऊन चार्जिंग मोजलं, १४.२ व्होल्ट, म्हणजे चार्जिंग सांभाळणारा रेग्युलेटर ठीक. मग त्याला विचारलं, धक्क्यावर गाडी उभी करतोस तेव्हा टॉगल बंद करतोस का? म्हणाला, "नाही काका, मुद्दाम चालू ठेवतो. तिथे टेम्पो रिव्हर्स येतात, गाडी दिसली पाहिजे." लिलाव आणि माल बांधणं धरून दीड तास. दोन ५ वॉट म्हणजे सुमारे ०.८ अँपिअर, दीड तासात १.२ अँपिअर-तास. त्याची बॅटरी ५ अँपिअर-तासांची. रोज सव्वाचा हप्ता काढायचा आणि परतीच्या पंचवीस मिनिटांच्या हळू फेरीत तो भरायची अपेक्षा धरायची. त्यात बॅटरी दोन महिने उभ्या गाडीवर पडलेली. बसली तर नवल नाही.

उपायाकडे वळताना माझ्या मनात आधी ठरलेला नकाशा होता. जादा दिवे चावीच्या मागे घ्यायचे, म्हणजे चावी काढली की बंद, विसरायची भानगड नाही. शंभरातल्या नव्वद गाड्यांना मी हेच करतो. पण धक्क्यावरच्या टेम्पोंचं ऐकल्यावर तो नकाशा फाडला. या माणसाला गाडी उभी असतानाही दिवा हवा आहे आणि त्याचं कारण योग्य आहे. मग दिवा बंद करण्यापेक्षा दिव्याची भूक कमी करायला हवी.

मूळ टेल लॅम्पच्या वायरीवरून जोडायचा पर्यायही नव्हता. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनबरोबर आपोआप लागतो. ही गाडी त्याच्या आधीची, आणि तिचा हेडलाइट व टेल लॅम्प दोन्ही कॉइलच्या एसीवर, म्हणजे इंजिन फिरत असतानाच मिळणाऱ्या करंटवर, चालणारे. रेस कमी झाला की मंद, आणि एलईडी जोडली तर लुकलुकणार. फक्त ब्रेक, इंडिकेटर आणि हॉर्न बॅटरीच्या डीसीवर.

म्हणून जुने पत्र्याचे दिवे उतरवले आणि सीलबंद लाल एलईडीचे दोन दिवे घेतले, तीन वायरींचे. रनिंगला, म्हणजे सतत जळायला, अर्धा वॉट, ब्रेकला तीन वॉट, आयपी ६७, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडले तरी आत पाणी जाऊ नये असा दर्जा. दोन्ही मिळून रनिंगला ०.०८ अँपिअर. धक्क्यावरच्या दीड तासाला ०.१२ अँपिअर-तास. रात्रभर विसरून राहिले तरी एक अँपिअर-तासाच्या आसपास, सकाळी गाडी सुरू होईल. ब्रेकच्या स्विचवर जादा बोजा अर्धा अँपिअर. त्यामुळे रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, घातला नाही. रिले हे उत्तम साधन आहे, पण एवढ्याशा बोज्याला, आणि खाऱ्या पाण्याच्या गाडीवर, तो म्हणजे गंजायला आणखी चार टोकं.

बसवण्याआधी प्रत्येक दिव्याची एक चाचणी घेतली. रनिंगच्या वायरीला १२ व्होल्ट, काळी निगेटिव्हला, आणि ब्रेकच्या मोकळ्या वायरीतून निगेटिव्हला टेस्ट लॅम्प. टेस्ट लॅम्प जरासुद्धा लागता कामा नये. मग काळी वायर सोडून तेच पुन्हा. तेव्हाही नाही. स्वस्तातल्या काही दिव्यांत आतून उलटा करंट येतो आणि मग मघाचाच खेळ नव्या कपड्यांत सुरू होतो. हे दोन्ही दिवे स्वच्छ निघाले. काळी सोडल्यावर ते पूर्ण बंद पडले आणि मला तेच हवं होतं. अर्थिंग गेलं की दिवा सरळ विझावा, आडरस्त्याने जळत राहून सगळं ठीक आहे असं भासवू नये.

अर्थिंगला पूर्ण वेळ दिला. प्रत्येक दिव्याची काळी वायर वेगळी, एकमेकांना न जोडता, फ्रेमवर जिथे कंपनीची काळी वायर बसते त्या बोल्टपर्यंत. एकाच वायरीवर दोन्ही दिले असते तर एक जोड गेला की दोन्ही दिवे गेले असते. ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर घेतली. दीड मीटर लांबीला तिचा रोध ०.०३५ ओहमच्या आसपास, या करंटला काहीच नाही. जाडी महत्त्वाची नव्हती, टोकं महत्त्वाची होती. जुनी ब्रेकची वायर सोलली तर आतलं तांबं काळं. खारं पाणी जोडातून शिरून इन्सुलेशनखाली तारांच्या फटींतून चढत जातं. बोटभर कापली, काळं. आणखी बोटभर, हिरवट. वीतभर मागे गेल्यावर लाल चकचकीत तांबं लागलं, तिथून पुढे नवी वायर. बोल्टची जागा पॉलिश पेपरने उजळेपर्यंत घासली, थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाचं धातूचं कडं, दाबून बसवलं, आत गोंद असलेली स्लीव्ह तापवून चढवली आणि वर व्हॅसलीनचा थर दिला. इन्सुलेशन टेप कुठेही वापरली नाही. आपल्या हवेत ती दोन पावसाळ्यांत चिकट होऊन सुटते आणि पाणी अडवण्याऐवजी धरून ठेवते. प्रत्येक जोडाच्या अलीकडे वायर थोडी खाली झोळ देऊन नेली, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी टपकेल आणि जोडापर्यंत पोचणार नाही.

बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून चार बोटांवर ३ अँपिअरचा फ्यूज घातला. जुनी बिनफ्यूजची वायर सीटखाली फ्रेमच्या धारेवर घासून तिचं इन्सुलेशन पांढरं पडलं होतं. ती फ्रेमला टेकली असती तर पेट्रोलच्या टाकीपासून हातभर अंतरावर वायर लाल झाली असती. टॉगल स्विच रबरी टोपीचा नवीन. ब्रेकचा स्विच नवीन.

मधल्या वेळात त्याचा मित्र येऊन बसला होता. त्याने सुचवलं, आता एवढं करताच आहात तर निळे लुकलुकणारे लावा, लांबून दिसतील. मी नाही म्हटलं. मागे लालच दिवा हवा आणि पुढे लाल चालत नाही, हा नियम पोलिसांच्या सोयीसाठी नाही. काळोखात गाडी येतेय की जातेय हे मागचा ट्रकवाला फक्त रंगावरून ठरवतो. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ मध्ये नियमबाह्य बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. निळ्या दिव्यांऐवजी क्रेटच्या मागच्या बाजूला लाल परावर्तक पट्टी लावली. तिला वायर लागत नाही, बॅटरी लागत नाही. आणि क्रेट चार बोटं पुढे सरकवून बांधायला लावला, म्हणजे मूळ टेल लॅम्पची खालची कड तरी दिसेल. खरं तर हे फेब्रुवारीतच व्हायला हवं होतं.

संध्याकाळी शेवटची मापं घेतली आणि वहीत लिहिली. दिव्याच्या काळ्या वायरीवर, ब्रेक दाबून, ०.०२ व्होल्ट. ब्रेक स्विचवर ०.०८. मग गाडी गल्लीत नेली आणि त्यालाच मागे उभं केलं. पेडल मी दाबलं. "काका, परत दाबा," तो म्हणाला. तिसऱ्यांदा दाबल्यावर त्याने आईला फोन लावला.

डिसेंबरात तो हॉर्नच्या कामासाठी आला तेव्हा मी न विचारता मीटर काढला. कॅरिअरचा बोल्ट पुन्हा गंजला होता, नवा वॉशरही लालभडक झाला होता. कॅरिअरचा पत्रा ते बॅटरीचं निगेटिव्ह, मीटर गप्प, रस्ता पूर्ण तुटलेला. दिव्यांच्या काळ्या वायरींवर, ब्रेक दाबून, ०.०३. व्हॅसलीनचा नवा थर दिला आणि वहीत त्या पानावर तारीख टाकली.